१.३ बारला टर्बो गाडी मिस मारते: पेट्रोल कमी पडतंय की ठिणगी विझतेय?

म्हापसा_१६व्ही
मंडळी, आधी गाडीची कुंडली. चार सिलिंडर, १.६ लिटर, पोर्ट इंजेक्शन. मिनिटाला ५५० सीसीचे चार इंजेक्टर, टाकीत ताशी २५५ लिटरचा पंप, बूस्टची (टर्बोने दिलेल्या हवेच्या जादा दाबाची) नळी जोडलेला पेट्रोल प्रेशर रेग्युलेटर (बेस ३ बार), प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल, स्टँडअलोन ईसीयू (इंजिनचा वेगळा कॉम्प्युटर), क्रँक सेन्सरसाठी क्रँकवर ३६ वजा १ दातांचं चाक. प्लग एनजीकेचे सात नंबर, गॅप ०.८ मिमी. पेट्रोल साधं, पेट्रोल पंपावर मिळतं तेच ई२० (२० टक्के इथेनॉलवालं).

१ बारपर्यंत काही तक्रार नाही. १.३ लावला की तिसऱ्या गिअरात ५६०० च्या पुढे फटफट करत मिस मारते. लॉगमध्ये लॅम्डा (हवा-पेट्रोलचं माप: १ म्हणजे नेमकं, खाली रिच म्हणजे पेट्रोल जास्त, वर लीन म्हणजे कमी) ०.८० वरून एकदम १.१५, पुन्हा ०.८०, पुन्हा १.१०. लीन होतेय म्हणून त्या भागात ८ टक्के पेट्रोल वाढवलं, तर मिसिंग उलट वाढलं. फ्युएल प्रेशरचा सेन्सर बसवलेला नाही. चतुर्थीनंतर गाडी शर्यतीच्या धावपट्टीवर न्यायची आहे. पंप ४५० चा घ्यावा का?

वेर्णा_वेस्टगेट
पंपाला हात लावू नका. तुमच्या लॉगमध्येच अर्धं उत्तर आहे.

वाइडबँड (लॅम्डा दाखवणारा सेन्सर) पेट्रोल मोजत नाही, सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजतो. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडलीच नाही, तर तिथली सगळी हवा न जळता बाहेर येते आणि सेन्सरला ती ‘लीन’ दिसते. मिश्रण प्रत्यक्षात रिच असलं तरीसुद्धा. म्हणून आकडा किती आहे त्यापेक्षा रेषेचा आकार बघा. पेट्रोल कमी पडतं तेव्हा लॅम्डा हळूहळू चढतो, ०.८०, ०.८२, ०.८५, आणि तुम्ही पाय काढेपर्यंत खाली येत नाही. ठिणगी चुकते तेव्हा करवतीचे दात दिसतात. तुमच्याकडे दात आहेत. ८ टक्के वाढवल्यावर लॅम्डा ०.७४ च्या आसपास गेला असणार, इतकं ओलं मिश्रण पेटवणं आणखी कठीण. मिसिंग वाढलं ते त्यामुळेच. ती वाढ आधी काढून टाका.

आता दोष कशाच्या मागे जातो ते शोधा. बूस्ट १ बारवर ठेवून ७००० पर्यंत न्या. तिथेही ५६०० लाच मिस मारत असेल, तर संशय क्रँक सेन्सरवर. मग चौथ्या गिअरात १.३ लावा. बूस्ट लवकर भरतो, म्हणून ४५०० लाच मिस मारली तर दोष बूस्टच्या मागे आहे, म्हणजे प्लग आणि कॉइल. आणि आरपीएम-बूस्ट काहीही असो, दरवेळी दाबून धरल्यावर तीन-चार सेकंदांनीच होत असेल तर पेट्रोलचा पुरवठा.

कुडचडे_कॉइल
०.८ गॅप १.३ बारला जास्तच आहे. अॅब्सोल्यूट हिशोबाने १ बार बूस्ट म्हणजे २.० आणि १.३ म्हणजे २.३ बार. हवा १५ टक्के दाट झाली, गॅप ओलांडायला व्होल्टेजही साधारण तेवढाच जास्त लागतो. कॉइलची ताकद मात्र तेवढीच. १ बारला ती काठावर होती, १.३ ला गेली.

आठ नंबरचे थंड प्लग घ्या, गॅप ०.५५ ठेवा. साध्या निकेलच्या प्लगचा बाजूचा इलेक्ट्रोड हलक्या हाताने वाकवायचा. फिलर गेज मधल्या इलेक्ट्रोडवर दाबून तरफेसारखा वापरू नका, चिनीमातीला केसाएवढी चीर पडते आणि तोच प्लग पुढे महिनाभर छळतो. रेझिस्टरवालेच प्लग घ्या, नाहीतर ठिणगीचा विद्युत गोंगाट (नॉइज) क्रँक सेन्सरच्या वायरीत घुसतो.

ड्वेल (कॉइल चार्ज करण्याचा वेळ) वाढवायचा मोह टाळा. ७००० आरपीएमला सिक्वेन्शियलमध्ये (दर सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकच ठिणगी) एका कॉइलच्या दोन ठिणग्यांत १७ मिलिसेकंद असतात, तेव्हा वेळ कमी पडत नाही. कमी पडतो तो कॉइलला मिळणारा व्होल्टेज. मल्टिमीटर कॉइलच्या पॉझिटिव्हवर लावून पंखा, पंप, हेडलाइट सगळं चालू करा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर वायरिंग बघा. कॉइलची अर्थ वायर थेट सिलिंडर हेडवर घ्या, बॉडीवर नको. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत चार महिने पावसात उभ्या असलेल्या गाडीचे अर्थिंगचे लग (वायरीच्या टोकाच्या चकत्या) बाहेरून ठीक दिसतात, खोलल्यावर आत हिरवे. पॉलिश पेपर मारून, घट्ट करून, वरून ग्रीस.

फोंडा_ट्यूनर
दोघांशी सहमत, पण क्रम बदला. फ्युएल प्रेशर सेन्सरशिवाय १.३ बारवर एकही पुल (पूर्ण दाबून घेतलेली धाव) नको. मिसिंगने इंजिन मरत नाही, खऱ्या लीनने पिस्टन जातो. ० ते १० बारचा सेन्सर रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवर) बसवा आणि ईसीयूत रेल वजा मॅनिफोल्ड असा फरक लॉग करा. तो आकडा सगळ्या बूस्टला ३ बारच राहिला पाहिजे. १.३ बूस्टला रेलमध्ये ४.३.

गाडी न पळवताही रेग्युलेटर तपासता येतो. आयडलला त्याची नळी काढून तिच्या जागी हातपंपाने १ बार हवा द्या. रेल प्रेशर बरोबर १ बारने वर जायला हवं. नळीला चीर असेल किंवा ती निसटली असेल, तर बूस्टमध्ये फरक १.७ वर येतो आणि इंजेक्टर चौथाई पेट्रोल कमी देतात. दहा रुपयांच्या नळीपायी इंजिन गेलेलं परवडत नाही.

आणि गेज लॅम्डातच ठेवा. ई२० चं रासायनिक प्रमाण सुमारे १३.५ आहे, १४.७ नाही. एएफआरचे (हवा-पेट्रोलच्या वजनी प्रमाणाचे) जुने आकडे डोक्यात ठेवून ट्यून केलं की घोळ होतो.

म्हापसा_१६व्ही
सगळं केलं. अर्थिंगचे दोन लग खरंच हिरवे निघाले. आठ नंबरचे प्लग, ०.५५ गॅप. नळी ठीक, रेग्युलेटर एकास एक चढतो. सेन्सर बसवला. पुण्याला डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चौथ्या गिअरात १.३ बारचा पुल घेतला: मिसिंग साफ गेलं. पण ६००० नंतर लॅम्डा ०.८० वरून सावकाश ०.८६ पर्यंत चढला. तिथे फरक ३.० वरून २.६ वर आलेला. पंपाच्या कनेक्टरवर ११.९ व्होल्ट, बॅटरीवर १३.७. आता तरी पंप?

वेर्णा_वेस्टगेट
अजूनही नाही. म्हणजे खोट एक नव्हे, दोन होत्या. पहिलीने दुसरी झाकली होती.

आकडे जुळतात बघा. इंजेक्टरचा प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. २.६ भागिले ३.० चं वर्गमूळ ०.९३, म्हणजे ७ टक्के पेट्रोल कमी. ०.८० ला ०.९३ ने भागा, ०.८६. तेव्हा सेन्सर खोटं बोलत नाही, मॅपही (ईसीयूतला पेट्रोलचा तक्ता) चुकलेला नाही, फक्त रेलला प्रेशर टिकत नाहीय. मॅपमध्ये पेट्रोल वाढवून हे झाकू नका.

आता गरज मोजा. चार ५५० चे इंजेक्टर ८५ टक्के ड्युटीला (८५ टक्के वेळ उघडे असताना) मिनिटाला १.८७ लिटर घेतात, म्हणजे ताशी ११२ लिटर. धडधाकट २५५ चा पंप ४.३ बारला १३.५ व्होल्टवर दोनशेच्या वर देतो. ११.९ व्होल्टला उत्पादन पडेल, पण निम्म्यावर येणार नाही. म्हणून वायरिंग सुधारायचंच, तरी सगळा दोष वायरीवर ढकलू नका. बॅटरीपासून फ्यूज, ३० अँपियरचा रिले आणि ४ चौरस मिमीची वायर टाका. निगेटिव्हलाही तीच वायर, ते लोक विसरतात.

नंतर पंपाच्या वायरीला क्लॅम्प मीटर लावा. करंट नेहमीपेक्षा जास्त आणि फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे प्रेशरमध्ये मोठा फरक असेल, तर फिल्टर चोंदलेला. करंट कमी आणि पंप किणकिण आवाज करत असेल, तर टाकीतली जाळी बंद आहे, पंप हवा ओढतोय.

कुडचडे_कॉइल
जाळी बघताना टाकीतली रबरी नळीही बघा. पंपापासून झाकणापर्यंतचा तो वीतभर तुकडा पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. बाहेर वापरायची नळी तिथे लावली असेल तर ती आतून-बाहेरून फुगून फाटते, आणि गळती टाकीतच होत असल्याने बाहेर थेंब दिसत नाही. तिथे एसएई जे३०आर१० छापलेलीच नळी लागते.

आणखी एक: टाकीत पावसाळाभर अर्धंच पेट्रोल होतं का? दमट हवेतलं पाणी ई२० मधलं इथेनॉल शोषून घेतं. प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो, आणि जाळी तळाशीच असते. काचेच्या बाटलीत तळाचं लिटरभर काढून ठेवा, दोन थर दिसले तर सगळी टाकी रिकामी करा.

म्हापसा_१६व्ही
नळी साधीच होती, बोटभर चीर पडलेली. जाळीत गंजाचा गाळ. बाटलीत एकच थर आहे. नळी, जाळी, फिल्टर, वायरिंग सगळं बदललं, पंप तोच. देव बरें करूं सगळ्यांना. रिटर्नचं (रेग्युलेटरकडून टाकीत परत येणाऱ्या पेट्रोलचं) माप घ्यायची गरज आहे का अजून? आणि रात्री बायपासवर एक पुल घेतला तर चालेल का?

फोंडा_ट्यूनर
बायपासवर नाही, जुवारी पुलावर तर नाहीच. रात्री ट्रक असतात, आणि लॉग वाचायला डोळे रस्त्यावरून हटतात. डायनो किंवा धावपट्टी.

माप घ्या, पाच मिनिटांचं काम. इंजिन बंद, रिटर्नची नळी पत्र्याच्या डब्यात सोडा, रेग्युलेटरला हातपंपाने १.३ बार द्या, बॅटरीला चार्जर लावून पंपावर १३.५ व्होल्ट ठेवा आणि मिनिटभर पंप चालवा. ३ लिटरच्या वर आलं तर निर्धास्त. उघड्यावर करा, अग्निशामक हाताशी, डबा आणि गाडी यांच्यात अर्थची वायर जोडून.

धावपट्टीवर टाकी किमान निम्मी ठेवा. सुटतानाच्या जोराने पेट्रोल मागे सरकतं. तुमची जाळी टाकीच्या पुढच्या कोपऱ्यात असेल तर पहिल्या गिअरातच प्रेशर ढासळेल. लॉगमध्ये सुटतानाचा पहिला दीड सेकंद वेगळा उघडून बघा. तिथे फरक २.८ च्या खाली दिसला तर दीड-दोन लिटरची सर्ज टँक (पंपाला कायम पेट्रोल मिळावं म्हणून छोटी जोडटाकी) लावायला घ्या. तोवर १ बार.