गणित आणि बायोलॉजीच्या जर्नल्सची तुलना कशी करायची?

गणितवेडी: आमच्या डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना एकच इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या एका पेपरला सरासरी किती साइटेशन्स, म्हणजे दुसऱ्या पेपरांतले संदर्भ, मिळाले तो आकडा) लावतात, म्हणजे मी गणितातल्या अव्वल ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये पेपर छापला तरी आकडा एक अंकीच, आणि कॅन्सरच्या एका जर्नलचा २०० च्या वर! हे बरोबर आहे का? खूप त्रास होतो याचा.

पेठेतला_संशोधक: अजिबात बरोबर नाही. इम्पॅक्ट फॅक्टर मागच्या फक्त २ वर्षांतले पेपर बघतो, गणितात तर पेपर लोकांच्या पचनी पडायलाच तेवढी वर्षं जातात, शिवाय संदर्भांची यादीही छोटी असते. स्निप (SNIP) हा जर्नलचा दुसरा आकडा बघ, नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या हेंक मूड यांनी काढलेला, त्यात त्या विषयात एकूण किती साइटेशन्स दिली जातात त्यानुसार आकडा ॲडजस्ट होतो.

डेटावाली: एसजेआर (सायमॅगो जर्नल रँक) पण आहे ना, गूगल वेबपानांचा क्रम लावतं त्या पेजरँकसारखा, नावाजलेल्या जर्नलने दिलेल्या साइटेशनला जास्त वजन. आयगेनफॅक्टर तसाच, पण ५ वर्षांचा आणि जर्नलने स्वतःलाच दिलेली साइटेशन्स वगळून. फक्त तो बेरजेचा आकडा आहे गं, जर्नल जाडजूड असलं की आपोआप वाढतो, म्हणून त्याचाच दर पेपरमागचा आकडा, आर्टिकल इन्फ्लुएन्स, बघायचा.

पेठेतला_संशोधक: हो, आणि डिपार्टमेंटच्या कमिटीला डोरा (DORA), म्हणजे संशोधनाचं मूल्यमापन कसं करावं याबद्दलचं सॅन फ्रान्सिस्को डिक्लेरेशन, दाखव, जर्नलच्या आकड्यावरून माणसाला जोखू नका असं त्यात स्पष्ट लिहिलंय.