डीपीटीच्या आधीचे विषय दोन-तीन कॉलेजांतून केले तर चालतं का?

मृ_दांडियाबाजार
नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, एम. एस. युनिव्हर्सिटीतून बायोकेमिस्ट्रीत बीएस्सी. दिवाळीनंतर एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसावर, न्यू जर्सीला जाते आहे. आजीचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा घरी येणाऱ्या फिजिओ ताईंनी तिला पुन्हा जिना चढायला लावलं, तेव्हापासून हेच करायचं ठरवलंय. तिकडे त्यासाठी डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, म्हणजे डीपीटी करावी लागते आणि तिच्याआधी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी हे सगळं झालेलं लागतं. माझी केमिस्ट्री भरपूर झालीय. मानवी ॲनाटॉमी आणि सायकॉलॉजी अजिबात नाही.

अडचण अशी, की नवऱ्याचं प्रोजेक्ट वर्षभरात दुसऱ्या राज्यात जाऊ शकतं. म्हणजे निम्मे विषय एका कम्युनिटी कॉलेजात आणि निम्मे दुसरीकडे. सासूबाईंना काळजी वाटते, की असं गावोगाव शिकलेलं बघून प्रवेश देणारे म्हणतील ही मुलगी एका जागी टिकत नाही. खरंच तसं होतं का?

रावपुऱ्याची_लेक
मृ ताई, सासूबाईंना सांगा, काळजी करू नका. मी तीन कॉलेजांत विषय पुरे केले आणि आता डीपीटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या वर्गात एकाच कॉलेजात सगळं केलेले फार नाहीत. कुठे शिकलात यापेक्षा ग्रेड काय आणि लॅब झाली का, हे बघतात.

जपायचं ते वेगळ्याच ठिकाणी. जोडीचे विषय मध्येच तोडू नका. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचंच घ्या. काही कॉलेजांत दोन्ही एकत्र शिकवतात: पहिल्या भागात हाडं, स्नायू, मज्जासंस्था आणि दुसऱ्यात हृदय, फुप्फुसं, पचन, मूत्रपिंड. काही ठिकाणी मात्र एक पूर्ण टर्म ॲनाटॉमी, मग एक पूर्ण टर्म फिजिऑलॉजी. पहिल्या प्रकारच्या कॉलेजात भाग एक केला आणि बदली होऊन दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी नुसती फिजिऑलॉजी घेतली, तर हृदय-फुप्फुसांची ॲनाटॉमी कुठेच झालेली नसते. कागदावर दोन विषय दिसतात, पण प्रवेश कार्यालय एक नाकारतं. माझ्या मैत्रिणीला ह्यासाठी अख्खी टर्म पुन्हा भरावी लागली. म्हणून बदलीची कुणकुण असेल तर हा विषय सुरूच करू नका. आधी सायकॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स उरका, ते एकेका टर्मचे असतात.

दुसरं, क्रेडिटचा हिशेब. न्यू जर्सीत सेमिस्टर चालतं, पण वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांत क्वार्टर, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोटी टर्म. क्वार्टरचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरचं दोन तृतीयांश. फिजिक्सचे ५-५ क्रेडिटचे दोन क्वार्टर केले, की वाटतं १० झाले, पण सेमिस्टरच्या मापाने ते जेमतेम ६.६७ भरतात, आणि बऱ्याच ठिकाणी लॅबसकट ८ मागतात. तिथे तिसरा क्वार्टरही करावाच लागतो.

अर्ज बहुतेक कॉलेजांना पीटीकॅस नावाच्या एकाच पोर्टलवरून जातो. तिथे प्रत्येक कॉलेजाची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, वेगळी पाठवायची, एकच विषय केलेल्या कॉलेजाचीसुद्धा. विषय जिथे शिकलात त्याच कॉलेजाखाली लिहायचा. पुढे दुसऱ्या कॉलेजाने तो ट्रान्सफर म्हणून धरला असला तरी दोनदा लिहायचा नाही. आणि विषय पुन्हा केलात तर पीटीकॅस दोन्ही ग्रेड धरतं, तुमच्या कॉलेजाने जुना पुसला असला तरी. म्हणून विषय कमी घ्या, पण नीट करा. एच-४ वर अर्धवेळ शिकता येतं, ही मोठी सोय आहे. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना पूर्णवेळ विषयांचा भार उचलावा लागतो.

ऑनलाइन लॅब कुणी घेतं, कुणी नाही. जिथे अर्ज करायचा त्या कॉलेजाला ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

फिजिओ_काका_कारेलीबाग
बेटा, बडोद्यात आहेस तोवर दोन कामं उरकून घे. एक, फॅकल्टीतून तिन्ही वर्षांचा अभ्यासक्रम शिक्का मारून आण. तुझी केमिस्ट्री तिकडच्या विषयाशी जुळवून पाहतील तेव्हा नुसत्या मार्कशीटवर भागणार नाही, किती तास प्रॅक्टिकल झालं तेही विचारतील. दोन, पदवीच्या मूल्यांकनासाठी कागदपत्रं युनिव्हर्सिटीकडूनच थेट जावी लागतात. ते इथे असताना सोपं, तिकडून कुणाच्या तरी मागे लागावं लागतं.

जमलं तर इथल्या एखाद्या ओपीडीत बसून बघ. हे तास तिकडे धरतीलच असं नाही, बरेच जण अमेरिकेत लायसन्स असलेल्या थेरपिस्टकडचे तास मागतात. तरी बघ. पक्षाघाताचा पेशंट पहिल्यांदा पलंगाच्या कडेला बसतो, त्याला किती वेळ लागतो आणि थेरपिस्टचे हात कुठे असतात, हे पुस्तकात कळत नाही. बघून झाल्यावरही हेच करायचं वाटलं, तर खुशाल पैसे भर.

मृ_दांडियाबाजार
ताई, काका, मनापासून आभार. क्वार्टरचा हिशेब तर मला माहीतच नव्हता. सोमवारी फॅकल्टीत जाऊन अभ्यासक्रमासाठी अर्ज देते. तिकडे पहिल्या टर्मला सायकॉलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स. ॲनाटॉमी बदलीचं नक्की झाल्यावरच. काका, ओपीडीसाठी तुम्हाला निरोप पाठवलाय.