मदत हवी आहे: पायलटच्या रिपोर्टमधला ‘मॉडरेट’ (मध्यम) टर्ब्युलन्स, म्हणजे हवेतले धक्के, साधा की तातडीचा?

नमस्कार मंडळी. मी बेळगावची, वडगावात राहते. पायलट लायसन्ससाठी डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) मेटिऑरॉलॉजीचा, म्हणजे हवामानशास्त्राचा पेपर द्यायचाय. क्लास न लावता घरीच अभ्यास चाललाय आणि ओळखीत विचारायला कुणी नाही, म्हणून धागा काढते.

पायरेपचा (पायलटनं उडताना दिलेल्या हवामान रिपोर्टचा) सांगाडा पाठ आहे: जागा, वेळ, उंची, विमानाचा प्रकार, मग ढग, तापमान, वारा, टर्ब्युलन्स, आयसिंग (विमानावर बर्फ साचणं). पायलट रेडिओवर एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) सांगतो, एटीसी मागून येणाऱ्या विमानांना आणि हवामान कार्यालयाला कळवते. इथवर ठीक.

घोडं अडतं वर्गवारीत. अमेरिकेत साधा रिपोर्ट यूए, तातडीचा यूयूए. टर्ब्युलन्स सिव्हिअर (तीव्र) किंवा एक्स्ट्रीम (अतितीव्र) असला तरच यूयूए, मॉडरेट साध्यात. इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) अ‍ॅनेक्स ३ या हवामानाच्या नियमावलीत मात्र मॉडरेटलाही स्पेशल एअर-रिपोर्ट, म्हणजे वेगळा खास रिपोर्ट द्यायचा असतो. परीक्षेला कुठलं धरू?

दुसरं, ढगांची उंची. आमचा बेळगावचा सांबरा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर. तिथं पायलटनं ढगाचा तळ ४००० फूट सांगितला आणि मेटारमध्ये (विमानतळाच्या नियमित हवामान रिपोर्टमध्ये) १५०० दिसला, तर खरं कुणाचं?

आणि सेसना १७२ या छोट्या विमानवाल्यानं मॉडरेट म्हटलं, तर मोठ्या एअरबसवाल्यानं त्यातून काय घ्यायचं?

प्रतिसाद:

ताई, पेपर डीजीसीएचा, तेव्हा इकाओच धरा. स्पेशल रिपोर्ट तिथल्या तिथं रेडिओवर द्यायचा. तो मेटिऑरॉलॉजिकल वॉच ऑफिसला (हवाई मार्गांच्या हवामानावर नजर ठेवणाऱ्या कार्यालयाला) जातो. आपल्याकडे ही कार्यालयं दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई. टर्ब्युलन्सचं सिग्मेट (विमानांसाठीचा धोक्याच्या हवामानाचा इशारा) सिव्हिअरलाच निघतं. मॉडरेटचा रिपोर्ट सिग्मेट न काढता तसाच पुढं पाठवतात.

ढगांचे दोन्ही आकडे खरे. पायलट समुद्रसपाटीपासून सांगतो, मेटार विमानतळाच्या जमिनीपासून. वजाबाकी केल्याशिवाय दोन्ही शेजारी ठेवूच नका. पावसाळ्यात चोर्ला घाटाकडून ढग खाली येतात, तेव्हा ‘४००० आहेत की’ म्हणून निर्धास्त राहिलं तर जिवावर बेतेल.

विमानाचा प्रकार याचसाठी लिहितात. सेसनाचा मॉडरेट एअरबसला बहुधा लाइटच (हलकाच) जाणवेल. पण एअरबसनं मॉडरेट सांगितला तर सेसनानं त्या वाटेला जाऊ नये.

अजून एक, पुस्तकं यावर फार बोलत नाहीत. टर्ब्युलन्सचा अंदाज असून धक्का बसला नाही, तर तेही आवर्जून सांगा. अंदाज कुठं चुकला हे फोरकास्टरला (अंदाज देणाऱ्याला) त्यावरूनच कळतं.