रोमन काळातल्या भुताळी लव्हस्टोऱ्यांना ‘ऐतिहासिक’ का म्हणायचं?

वाळवी
सध्या इंग्रजीत या प्रकाराचं पीक आलंय. प्राचीन रोम नाहीतर पॉम्पेई, नायक शेकडो वर्षं न मेलेला व्हॅम्पायर सेनापती, नायिका गुलाम पोरगी, आणि व्हेसुव्हिअस ज्वालामुखी फुटायच्या आत दोघांचं जमवायचं. टाइमपास म्हणून मीही वाचते, नाही म्हणत नाही, पण वर ‘ऐतिहासिक’ असं लेबल कशाला? इ.स. ७९ लिहिलं, दोन टोगा आणि एक वाईनचा रांजण टाकला की झाला इतिहास? भूत आलं की माझ्या लेखी ती सरळ फँटसी. बोला.

निशाचर
साफ असहमत. त्या कादंबऱ्यांत खरा इतिहास कुठे असेल तर तो भुतातच असतो. ज्या धाकट्या प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्रांवरून आपल्याला व्हेसुव्हिअसचा उद्रेक माहितीय, तोच माणूस दुसऱ्या एका पत्रात अथेन्समधल्या झपाटलेल्या घराची गोष्ट सांगतो, साखळ्या खळखळवणारं म्हाताऱ्याचं भूत वगैरे, आणि मित्राला गंभीरपणे विचारतो की तुझं काय मत, भुतं असतात का? मे महिन्यात ९, ११ आणि १३ तारखेला लेमुरिया हा मृतात्म्यांचा सण असायचा, घरचा कर्ता मध्यरात्री अनवाणी उठून पितरांसाठी काळे घेवडे मागे टाकायचा. हे सगळं वगळून रोमन घर रंगवलंत तर ते घर रोमन राहतच नाही.

वाळवी
अहो पण लोकांचा विश्वास होता हे दाखवणं वेगळं आणि भूतच हिरो करणं वेगळं ना. आणि व्हॅम्पायर तरी कुठून आला? तो कबरीतून उठणारा रक्तपिपासू युरोपभर गाजला १८व्या शतकात, बाल्कनमधल्या बातम्यांमुळे. त्याला उचलून रोमन चिलखत घालायचं हे काहीही हं.

निशाचर
व्हॅम्पायरचं मान्य, तो आळशीपणाच आहे. पण भूत हिरो, नव्हे हिरॉईन, त्यांनी स्वतःच केलीय की! फ्लेगॉनने (हा हेड्रियन बादशहाचा मुक्त केलेला गुलाम, म्हणजे २रं शतक) फिलिनिऑनची गोष्ट लिहून ठेवलीय. मुलगी मरून सहाएक महिने झालेत आणि आईबापाच्या घरी उतरलेल्या माखातेस नावाच्या पाहुण्याकडे ती रोज रात्री येते. अंगठी देते, त्याच्याकडून लोखंडी अंगठी आणि सोन्याचा मुलामा दिलेला पेला घेते. दासी बघते, आईबाप धावत येतात, तर ती त्यांनाच सुनावते की तुम्हाला माझं एवढंसं सुख बघवलं नाही, आणि तिथेच पुन्हा मरून पडते. थडगं उघडतात तर आत प्रेत नाही, ती अंगठी आणि पेला आहे. पुढे माखातेस जीव देतो. आता सांगा ताई, हा पॅरानॉर्मल रोमान्स नाही तर काय आहे? आणि फ्लेगॉन हे कादंबरी म्हणून सांगत नाहीये, घडलेलं म्हणून सांगतोय.

तिखटमीठ
तुम्ही दोघं भुतावर भांडताय आणि त्या गुलाम पोरीचं कोणालाच काही नाही. माझा आक्षेप तिथे आहे. रोमन कायद्यात गुलामाला लग्नच नव्हतं. मालकाने मुक्त करून लग्न केलं तरी त्याच्या मर्जीविरुद्ध त्याला सोडून दुसरं लग्न करायची सोय तिला नव्हती. आणि या कादंबऱ्यांत ती पहिल्याच चॅप्टरमध्ये सेनापतीला ‘माझी पर्सनल स्पेस’ टाइप भाषण देते, आणि तो चक्क ऐकून घेतो!! भूत पचतं मला, हे नाही पचत.
आणि निशाचरजी, मेलेल्यांचा प्रेमाशी संबंध बघायचाच असेल तर पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली ती मातीची बाहुली बघा. इजिप्तमधली, रोमन काळातली. बाईची मूर्ती, हात मागे बांधलेले, अंगात १३ सुया, सोबत शिशाचा पत्रा. त्यावर सारापामोन नावाच्या माणसाने मृतात्म्याला हुकूम सोडलाय की प्तोलेमाइस नावाच्या बाईला केस धरून माझ्याकडे ओढून आण, तोवर तिला खाऊपिऊ देऊ नकोस. याला रोमान्स म्हणायचं?

निशाचर
नाही म्हणत. पण यावर कोणी लिहिलं तर मी रांगेत पहिला.

अरबट_चरबट
किती सिरीयस घेताय राव. लोकल ट्रेनमध्ये वाचायचं पुस्तक आहे, पीएचडी नाही. मला विचाराल तर इतकी मेहनत रोमवर घेण्यापेक्षा आपल्या पैठणवर घ्या. कथासरित्सागरातच सांगितलंय की गुणाढ्याने सातवाहनांच्या काळात पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोक लिहिले आणि राजाने नाकारल्यावर त्यातले सहा लाख जाळले. विद्याधर, यक्ष, वेताळ सगळे तयार बसलेत.

तिखटमीठ
@अरबट_चरबट लिहा ना मग. फक्त दासीला कोणी विचारलं होतं का, तेवढं आधी ठरवा.

वाळवी
फिलिनिऑनवाली गोष्ट भारी आहे, ती मी मुळातून वाचणार. लेबलचं मत मात्र तेच. फ्लेगॉनला ती खरी वाटत होती. आजच्या लेखकाला वाटत नाही, आणि तरी तो इतिहासाच्या कपाटात घुसतो.

निशाचर
मग देवांवर खराखुरा विश्वास नसलेल्या लेखकाने रोमन देऊळही रंगवायचं नाही का?