भजनी मंडळात शेवटचा शब्द कुणाचा असावा?

पेटीवाला_परभणी
रामराम मंडळी. आमच्या गावचं भजनी मंडळ मी सहा वर्षांपासून सांभाळतोय, म्हणजे पेटी माझ्याकडं, चाल मी लावणार, कुणी कोणता अभंग म्हणायचा तेबी मीच सांगणार. 22 जण होतो, आता 11 राहिलेत. भांडण कायच झालं नाही, माणसं नुसती यायची बंद झाली. मग घरोघर जाऊन विचारलं तर एक म्हातारे टाळकरी, ज्यांनी नाथषष्ठीची पैठणची पायी दिंडी कधी चुकवली नाही, ते म्हणले, "तू काळी चारला (पेटीच्या वरच्या सुरात) लावतूस, माझा गळा तिथं पोचत नाही रे बाबा, मी नुसतं तोंड हलवत बसायचो". सहा वर्षं! मला रात्री झोप लागली नाही.
माझं मत आता असं झालंय की मंडळ चालवणाऱ्यानं पट्टी, म्हणजे गायच्या सुराची उंची, स्वतःच्या गळ्याला नाही, बसलेल्या माणसांच्या गळ्याला धरून लावावी, अभंग वाटून द्यावेत आणि चूक माइकवर काढू नये. सप्ताहात वीणा बघा ना, सात दिवस खाली ठेवायची नसती, पहारा बदलला की दुसऱ्याच्या गळ्यात जाती, देणारा घेणारा दोघं एकमेकांच्या पाया पडतेत, तुझा गळा कसाय म्हणून कुणी विचारत नाही. मग पेटीच एका माणसाकडं कामून?

मृदंग_अंबड
दादा, तुमची तळमळ पटली पण विणेचं उदाहरण इथं बसत नाही. विणेकऱ्याच्या अंगावर चाल नसती. कीर्तनात महाराज चरणावर थांबले की मागच्या गायकानं त्याच क्षणाला ते उचलावं लागतं, तिथं तिघांनी तीन चाली धरल्या तर कीर्तन बसलंच म्हणून समजा. कुणीतरी एकच माणूस लागतो आणि बाकीच्यांनी त्याचं ऐकावं लागतं.
पट्टीचंबी तसंच. जुनी माणसं वर गायची कारण माइक नव्हते, खाली लावलं की पंचवीस टाळात आवाज बुडून जातो. आणि मृदंग? शाईची पुडी, म्हणजे काळी शाई लावलेलं कातडं, पेटीच्या सा ला मिळवलेली असती, वरच्या पट्टीचं लहान तोंडाचं मृदंग उतरवून खाली आणलं की ते ढबढब वाजतं, त्याला नाद राहत नाही. मी आळंदीला शिकलो, एकेक बोल महिना महिना घोटून घेतला गुरुजींनी, तेव्हा कुठं हात बसला. शिस्त सैल केली की माणसं वाढतील पण भजन राहणार नाही, हे मी मनापासून सांगतो.

गंगाखेडची_लेक
मी असल्याच एका मंडळातून बाहेर पडलेली बाई आहे म्हणून लिहिते. कार्यक्रमात एका ताईचा अंतरा चुकला तर चालवणाऱ्यांनी भर लोकांत पेटी थांबवली आणि तिला पहिल्यापासून म्हणायला लावलं. ती परत आली नाही, तिच्या दोन्ही जावाबी आल्या नाहीत. मग आम्ही 14 जणींनी वेगळं मंडळ काढलं. जनाबाईच्या गावच्या आम्ही, आम्हाला गायला कुणाची परवानगी कशाला पाहिजे?
पण मृदंगवाले भाऊ, आमच्याकडं शिस्त नाही असं समजू नका. सगळ्यांची जेवणं झाल्यावर आठला सराव, उशिरा आली तिला त्या दिवशी पहिला अभंग नाही, मलासुद्धा नाही, मी दोनदा गप्प बसलेय. चूक सरावातच सांगायची आणि कुठं चुकलं ते म्हणून दाखवायचं, नुसतं "बेसूर झालं" म्हणायचं नाही. शिस्त लावणं आणि पाणउतारा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मृदंग_अंबड
ताई, माइकवर चूक काढू नये हे मान्य, मी स्वतः एकदा तसं केलंय आणि अजून खटकतं. पण अभंग वाटून द्यायला माझा विरोध कायम आहे. महिनाभर सरावाला न येणारा माणूस एकादशीला येऊन म्हणतो मी वर्गणी दिली, मला एक म्हणू द्या. त्याला दिला तर रोज शेतातून थकून येऊन बसणाऱ्या पोराचं काय? तोबी माणूसच आहे ना.

नांदेडचा_टाळकरी
चाल, पट्टी राहू द्या बाजूला, आमचं मंडळ बिदागीवरून फुटलं. पैसे कुणी खाल्ले नव्हते पण हिशोब एकाच्याच डोक्यात होता. आता वही आहे, दर अमावस्येला सगळ्यांसमोर वाचतेत, कुरकुर थांबली.

पेटीवाला_परभणी
मृदंगवाले, रोज येणाऱ्या पोराचं तुमचं म्हणणं पटलं. अभंग वाटायचे, पण जो सरावाला बसला त्यालाच. वर्गणीचा संबंध नाही, हे मी उद्याच बैठकीत सांगतो. कीर्तनामागं मात्र एकच गायक, तिथं तुम्ही म्हणता तेच बरोबर.
पट्टीचं असं ठरवलंय की देवळातला रोजचा हरिपाठ खालच्या पट्टीत, काळी एकला लावायचा, तिथं आवाज लांब जायची गरजच नाही, आणि कीर्तन पहिल्यासारखं काळी चारला. त्या म्हाताऱ्या बाबांकडं काल परत गेलो होतो. काय बोलले नाहीत, पण टाळ खुंटीवरून काढून पुसायला घेतले. गाभाऱ्यामागं एक मोठ्या तोंडाचं जुनं मृदंग पडलंय, पुडी फाटलीय त्याची. जालना-परभणीकडं चांगली पुडी बसवणारं कुणी असलं तर सांगा, एकादशीच्या आत पाहिजे.