जुन्या डेबियनवर एक्सऑर्ग चढवलं, आता पडदा काळाच – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्याजवळ आमचं छोटं काजू प्रक्रिया युनिट आहे. युनिट बाबा चालवतात, हिशेब आणि संगणक माझ्याकडे. फेब्रुवारीत बी यायला लागेल, त्याआधी हे मार्गी लागायलाच हवं, म्हणून सगळं तपशिलात लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

संगणक पेंटियम ३, इंटेल ८१५ चिपसेट, ग्राफिक्स त्यातच, रॅम २५६ एमबी. त्यावर डेबियन ३.१ ही लिनक्स प्रणाली, म्हणजे २००५ सालचं 'सार्ज', आणि पडद्यावर चित्र काढणाऱ्या 'एक्स' यंत्रणेसाठी एक्सफ्री८६ ४.३. वजनकाटा सीरियल पोर्टला जोडलाय. एक प्रोग्राम काट्यावरचं वजन उचलतो आणि पडद्यावर वीतभर उंच आकड्यांत दाखवतो. ज्यांनी तो करून दिला त्यांचा व्यवसाय केव्हाच बंद झाला. सोर्स कोड आमच्याकडे नाही, फक्त चालणारी फाइल आहे.

'नवीन संगणक घ्या' असं कृपया सांगू नका. हा प्रोग्राम त्यावर चालेल याची खात्री मला कोणी दिलेली नाही. आणि इथे मुद्दा निव्वळ यंत्राचा नाही. काट्याचा स्वतःचा लाल डिस्प्ले खाली असतो, पोतं चढवणाऱ्याच्या पायांआड जातो. बागायतदार दारात उभा राहून पडद्याकडे बघतो, आकडा स्थिरावला की मान हलवतो, मगच पावती फाडली जाते. किती वर्षं हे असंच चाललंय. तो आकडा लांबून स्वच्छ दिसणं म्हणजे आमचा व्यवहार.

पावसाळ्यात जुना सीआरटी मॉनिटर गेला. उघडून बघितला तर खाऱ्या हवेने आतल्या बोर्डावर हिरवा गंज चढलेला. बदली साडेअठरा इंची एलसीडी आणला, १३६६ बाय ७६८ चा. जुन्या एक्सफ्री८६ वर तो १०२४ बाय ७६८ लाच उघडतो. चित्र आडवं ताणलं जातं, आकड्यांच्या कडा फुटतात. चाचणीसाठी शेजारच्या काकांना दारात उभं केलं, त्यांनी ८३ किलोचं ८८ वाचलं. इंग्रजी ३ आणि ८ मधली फटच दिसत नाही. पाच किलोचा फरक म्हणजे भांडणच.

म्हणून ठरवलं की पडद्याची यंत्रणाच नवी, म्हणजे एक्सफ्री८६ च्या जागी एक्सऑर्ग, चढवू. मूळ डिस्कला हात लावलेला नाही. कुडाळच्या भंगारवाल्याकडून तेवढ्याच क्षमतेची २० जीबीची आयडीई डिस्क आणली, तिच्यावर हुबेहूब नक्कल उतरवली आणि नकलेवर काम केलं. लॅपटॉपवरून लॅन केबलने इंटरनेट दिलं, ॲप्टच्या (पॅकेजं उतरवून बसवणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहाचा पत्ता टाकला आणि 'एच'वर, म्हणजे डेबियन ४.० वर गेले. आधी २.६.१८ कर्नल (प्रणालीचा गाभा), मग बाकीचं.

पहिला अडथळा एक्स११-कॉमन या पॅकेजला आला. '/यूएसआर/एक्स११आर६/बिन' ही डिरेक्टरी आहे, इथे सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारा दुवा) हवी, असं म्हणून ते अडून बसलं. आत बघितलं तर प्रोग्राम देणाऱ्यांनी ठेवलेल्या दोन स्क्रिप्ट होत्या. त्या '/यूएसआर/लोकल/बिन'मध्ये हलवल्या, रिकामी डिरेक्टरी काढली, मग गाडी पुढे गेली.

आता सगळं चढलंय. एक्सऑर्ग ७.१ आहे. पडद्याच्या मांडणीची जुनी 'एक्सएफ८६कॉन्फिग-४' फाइल मी जशीच्या तशी 'एक्सऑर्ग.कॉन्फ' नावाने ठेवली. एक्स सुरू करणारी 'स्टार्टएक्स' आज्ञा दिली की पडदा क्षणभर काळा होतो आणि परत अक्षरांवर येतो. शेवटची ओळ 'नो स्क्रीन्स फाउंड'. मॉनिटर तर समोर जोडलेला आहे! कुठे चुकतंय?

प्रतिसाद

ताई, मूळ डिस्क बाजूला ठेवून नकलेवर काम केलंत, फार बरं केलंत. 'नो स्क्रीन्स फाउंड'चा मॉनिटर जोडण्याशी संबंध नाही. एक्सच्या भाषेत स्क्रीन म्हणजे कार्ड, ड्रायव्हर, रंगांची खोली आणि रिझोल्यूशन यांची जमलेली जोडणी. ती जमली नाही, एवढंच ती ओळ सांगते. खरं कारण नेहमी तिच्या वर असतं. '/व्हार/लॉग'मध्ये 'एक्सऑर्ग.०.लॉग' ही नोंदींची फाइल आहे. त्यात कंसात 'ईई' असलेल्या ओळी शोधा, त्या चुका. 'डब्ल्यूडब्ल्यू'वाल्या नुसत्या सूचना, त्यांनी घाबरू नका. पहिली 'ईई' ओळ इथे द्या.

धागाकर्ती

मिळाली. 'गार्टइनिट: अनेबल टू ओपन /डेव्ह/एजीपीगार्ट'. तिच्याखाली आय८१० या इंटेल ग्राफिक्सच्या ड्रायव्हरच्या नावाने 'एजीपी गार्ट सपोर्ट उपलब्ध नाही, कर्नलमध्ये मॉड्यूल लोड आहे का पाहा' अशा अर्थाची ओळ. पण '/ईटीसी/मॉड्यूल्स'मध्ये एजीपीगार्ट पहिल्यापासून लिहिलेलं आहे आणि आता यादीत लोड झालेलंही दिसतंय. जुन्या डिस्कवर हेच आहे आणि तिथे चालतं.

प्रतिसाद

गोम इथेच आहे. तुमची जुनी डिस्क २.४ कर्नलवर असणार. तेव्हा एजीपीगार्ट या एकाच मॉड्यूलमध्ये सगळ्या चिपसेटचा कोड असायचा. २.६ मध्ये तो वेगळा काढला. एजीपीगार्ट हा नुसता सांगाडा उरला आणि इंटेलसाठी 'इंटेल-एजीपी' नावाचं स्वतंत्र मॉड्यूल लागतं. ते आलं नाही तर सांगाडा लोड होऊनही उपयोग शून्य.

ते इतकं गरजेचं का, तेही सांगतो, कारण पुढे रिझोल्यूशन वाढवताना लागेल. ८१५ मधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही. बायोस मुख्य रॅममधून फार तर १ एमबी राखून ठेवतो. १३६० बाय ७६८ ला १६ बिट रंगात एका पडद्याला साधारण २ एमबी लागतात. म्हणजे वरची मेमरी चालू असतानाच रॅममधून मागून घ्यावी लागते, आणि ते काम एजीपीगार्टमार्फत होतं.

एक शंका मात्र आहे. २.६ वर यूडेव्हने (हार्डवेअर ओळखून मॉड्यूल लोड करणाऱ्या प्रोग्रामने) हे मॉड्यूल आपसूक उचलायला हवं होतं. जुन्या ब्लॅकलिस्टमध्ये (लोड करू नये अशा मॉड्यूलच्या यादीत) त्याचं नाव कोणी घातलंय का, ते '/ईटीसी/मॉडप्रोब.डी'मध्ये बघा. तोवर युनिट अडलं असेल तर ड्रायव्हरच्या जागी 'आय८१०' ऐवजी 'व्हेसा' लिहा. त्याला गार्ट लागत नाही. पण तो बायोसला माहीत असलेलीच रिझोल्यूशनं देतो, त्यामुळे तुमचा मूळ त्रास तसाच राहील.

धागाकर्ती

ब्लॅकलिस्टमध्येच होतं! कोणी आणि का घातलं, देव जाणे. ओळ काढली, '/ईटीसी/मॉड्यूल्स'मध्ये इंटेल-एजीपी लिहिलं, रीबूट केलं. गार्टची तक्रार गेली. मध्येच दोन तास वीज नव्हती, म्हणून उत्तराला उशीर झाला.

आता नवीन अडलंय. 'कुड नॉट ओपन डीफॉल्ट फॉन्ट फिक्स्ड' म्हणून सगळं बंद पडतं. फॉन्टची पॅकेजं तर आहेत, मी तपासलं.

प्रतिसाद

म्हणजे पुढच्या पायरीवर आलात. एक्स आधी स्क्रीन उभा करतो आणि मग फॉन्ट शोधतो, त्यामुळे ही चूक आजवर झाकलेली होती.

तुम्हाला एक्स११आर६ ची डिरेक्टरी का हलवावी लागली, त्यातच याचं उत्तर आहे. एक्सची अकरावी आवृत्ती १९८७ ची, आणि 'आर६' म्हणजे तिचं सहावं प्रकाशन, १९९४ चं. ते नाव डिरेक्टरीला चिकटलं ते पुढे वर्षानुवर्षं. २००४ मध्ये एक्सफ्री८६ ४.४ च्या परवान्यावरून वाद झाला आणि बहुतेक लिनक्स वितरणं एक्सऑर्गकडे वळली. डिसेंबर २००५ मध्ये एक्सऑर्ग ७.० आलं तेव्हा तो एकसंध डोंगर फोडून सर्व्हर, ड्रायव्हर, फॉन्ट सगळ्यांची वेगवेगळी पॅकेजं झाली. त्या ओघात डेबियन एचमध्ये फॉन्टही '/यूएसआर/शेअर/फॉन्ट्स/एक्स११'मध्ये गेले. तुमच्या जुन्या फाइलीत 'फॉन्टपाथ'च्या ओळी अजून '/यूएसआर/एक्स११आर६/लिब' दाखवत असणार. त्या सगळ्या बदला. 'मिस्क' नावाची उपडिरेक्टरी विसरू नका, 'फिक्स्ड' तिथेच राहतो. शिवाय कीबोर्डच्या विभागात ड्रायव्हर म्हणून 'कीबोर्ड' असेल तर तिथे आता 'केबीडी' लिहायचं.

धागाकर्ती

आला! पडदा आला! काटाही बोलतोय. प्रोग्रामला जुनी सी++ लायब्ररी हवी होती, आवृत्ती ५. ती एचमध्ये अजून वेगळं पॅकेज म्हणून मिळते, ती घातली. बाबांना हाक मारली तर लांबूनच म्हणाले, "वजन दिसता मां? मगे झाला."

पण अजून १०२४ बाय ७६८ च आहे. मी 'एक्सऑर्ग.कॉन्फ'मधल्या मोड्सच्या ओळीत १३६६ बाय ७६८ लिहिलं, तर त्याने ते सरळ टाकून दिलं.

प्रतिसाद (दुसरे सदस्य)

१३६६ ला आठने भाग जात नाही आणि बऱ्याच जुन्या हार्डवेअरला आडवी संख्या आठच्या पटीत लागते. म्हणून १३६० घ्या. दोन्ही बाजूंना मिळून सहा ठिपके जातील, डोळ्याला कळणारही नाहीत. 'मॉनिटर' विभागात ही मोडलाइन, म्हणजे रिझोल्यूशनचं वेळापत्रक सांगणारी ओळ, टाका:

"१३६०x७६८" ८५.५० १३६० १४२४ १५३६ १७९२ ७६८ ७७१ ७७७ ७९५, पुढे एचसिंक आणि व्हीसिंक दोन्ही अधिक चिन्हाने.

फाइलीत अर्थात हे सगळं इंग्रजी अक्षरं-आकड्यांत लिहायचं. याने आडवी वारंवारता ४७.७ किलोहर्ट्झ आणि उभी ६० हर्ट्झ येते. मॉनिटरला झेपणाऱ्या आडव्या वारंवारता सांगणाऱ्या 'हॉरिझसिंक' ओळीच्या मर्यादेत ४७.७ बसतंय का ते मॉनिटरच्या पुस्तिकेवरून बघून घ्या, नाहीतर एक्स ही ओळ न सांगता गाळेल. 'डीफॉल्टडेप्थ' १६ ठेवा, आणि त्याच खोलीच्या 'डिस्प्ले' उपविभागात हे नाव मोड्समध्ये सर्वांत आधी लिहा.

आणि ताई, एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. ही मोडलाइन एक्सफ्री८६ ४.३ लाही समजते. फक्त रुंद पडदा हवा होता तर सार्जवरच काम झालं असतं. तुमच्या मूळ डिस्कवर करून बघायला हरकत नाही. फाइलीची प्रत मात्र आधी काढून ठेवा.

धागाकर्ती

दोन्हीकडे करून बघितलं. नव्या डिस्कवर पहिल्याच फटक्यात आलं. जुन्या डिस्कवर 'हॉरिझसिंक' जुन्या सीआरटीचं होतं, ते बदललं आणि तिथेही १३६० बाय ७६८ उघडलं. वर्तुळ वर्तुळासारखं दिसतंय आणि आकड्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या. मॉनिटरवर 'ऑटो' बटण एकदा दाबावं लागलं, तोवर चित्र बोटभर डावीकडे सरकलेलं होतं.

काल संध्याकाळी काकांना पुन्हा दारात उभं केलं. त्याच जागी, तिरपं ऊन आत येत असताना. काट्यावर वेगवेगळी सहा पोती चढवली. सहाही वेळा त्यांनी बरोबर वाचलं. शेवटचं मुद्दाम ८३ किलोचं केलं होतं.

या हंगामात संगणकात जुनी डिस्कच ठेवतेय, कारण प्रोग्राम तिच्यावर इतकी वर्षं चाललाय आणि गर्दीच्या दिवसांत मला नवीन काही अंगावर घ्यायचं नाही. एचवाली डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेवली आहे, वर तारीख घालून. मे महिन्यात खरेदी थांबली की ती लावून महिनाभर चालवून बघेन. दोन्ही फाइलींची छापील प्रत काट्याच्या परवान्याबरोबर फायलीत लावली आहे, मी नसताना कोणालाही ती मोडलाइन टंकता यावी म्हणून.

दोघांचेही मनापासून आभार. धाग्याच्या शीर्षकात 'सुटलं' असं जोडायला संपादकांना विनंती केली आहे.