निवडणूक आहे की लढाई? ऑस्ट्रेलियातल्या प्रचारातली फौजी भाषा

पश्चिमसिडनीकर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी विचारतेच. मी 2023 मध्ये सिटिझन झाले आणि मे 2025 ला पहिल्यांदा फेडरल इलेक्शनला मत दिलं. आमची सीट मार्जिनल, म्हणजे थोड्या मतांनी इकडची तिकडे होणारी, त्यामुळे टपालपेटी रोज भरलेली, फोनवर मेसेज, रस्त्याच्या कडेला कोअरफ्लूटच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या, पाट्याच पाट्या. आणि पेपर उघडला की वॉर रूम, बॅटलग्राउंड सीट, ग्राउंड वॉर, एअर वॉर, अमुक पार्टी तमुक सीट सँडबॅग करतेय. सुरुवातीला त्याचं काही वाटलं नाही.

पण मध्येच 25 एप्रिल आला, अँझॅक डे, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. मी पहिल्यांदाच डॉन सर्व्हिसला, म्हणजे पहाटेच्या स्मरणसभेला गेले, पहाटेच्या अंधारात उभी होते, शेजारी एक शाळकरी मुलगी, तिच्या कोटावर उजव्या बाजूला तीन पदकं. नंतर कळलं की स्वतःची पदकं डावीकडे लावतात आणि वाडवडिलांची उजवीकडे, म्हणजे ती पणजोबांची वगैरे असणार. बिगुल वाजला, एक मिनिट कोणी हललंसुद्धा नाही. त्या दिवशी लेबर आणि लिबरल या दोन्ही मोठ्या पार्ट्यांनी प्रचार थांबवला होता, ते मला फार आवडलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच, हल्ला, प्रतिहल्ला, फ्रंटलाइन. त्या मुलीच्या कोटावरची पदकं आणि हे शब्द एकाच डोक्यात कसे बसवायचे तेच कळेना.

तर दोन प्रश्न. एक, ही नुसती बोलण्याची पद्धत आहे की त्याने खरंच काही बिघडतं? आणि दुसरं, उमेदवार आपली आर्मीतली नोकरी पुढे करतात, त्याला काही नियम आहेत का? जुन्या लोकांनी सांगा प्लीज.

यारापार
ताई, मी मेलबर्नला गेल्या तीन निवडणुका बूथवर मत कसं द्यायचं ते सांगणारी पार्टीची कार्डं वाटतेय, कुठल्या पार्टीची ते इथे महत्त्वाचं नाही. शब्दांचं म्हणाल तर मला त्यात फारसं वावगं वाटत नाही. आपली मराठी काय कमी आहे का, बालेकिल्ला, मोर्चेबांधणी, रणशिंग फुंकलं, धूळ चारली, गड राखला, यातला एक शब्द न वापरता निवडणुकीची बातमी लिहून दाखवा. प्रचार मोहीम म्हणतो त्यातली मोहीमसुद्धा फौजेचीच, आणि इंग्रजीतलं कॅम्पेनही मुळात फौज मैदानात उतरते त्याचंच नाव. सँडबॅगिंग म्हणजे आपल्याच डळमळीत सीटभोवती वाळूची पोती रचायची, म्हणजे पैसा, माणसं आणि नेत्याच्या फेऱ्या तिथे जास्त लावायच्या, बाकी काही नाही.

मुख्य म्हणजे ही युद्धाची भाषा बूथच्या फाटकापाशी टिकतच नाही, कारण इथली मतदानाची पद्धतच तशी आहे. लोअर हाऊसच्या मतपत्रिकेवर तुम्हाला प्रत्येक नावापुढे नंबर घालावा लागतो, म्हणजे ज्याला तुम्ही शत्रू म्हणता त्यालाही तुमच्याच हाताने आकडा द्यायचा, शेवटचा का होईना. आणि दुसऱ्याच्या मतदाराची दुसरी तिसरी पसंती मिळाल्याशिवाय मोठ्या पार्ट्यांचं भागत नाही. 2022 ला लेबरला पहिल्या पसंतीची मतं 33 टक्क्यांच्याही आत होती आणि तरी 77 सीट जिंकून सरकार आलं, ते प्रेफरन्सवरच ना. ज्याच्या मतदाराकडे उद्या दुसरा नंबर मागायचा त्याला आज फाटकाशी उभं राहून शिव्या कशा देणार?

प्री-पोलला, म्हणजे मुख्य दिवसाआधीच्या मतदानाला, तर आम्ही सगळ्या पार्ट्यांचे लोक जवळजवळ दोन आठवडे एकाच फुटपाथवर उभे असतो, दारापासून सहा मीटर सोडून, कारण त्याच्या आत प्रचार चालत नाही. 2025 ला एक दिवस असा पाऊस आला की माझी कार्डं भिजायला लागली, तर समोरच्या पार्टीचे एक आजोबा, सत्तरीचे असतील, त्यांनी काही न बोलता माझा गठ्ठा उचलला आणि आपल्या टेबलाखाली कोरड्या खोक्यात ठेवला. त्या खोक्यात त्यांची कार्डं आणि माझी कार्डं शेजारी शेजारी होती. म्हणून म्हणते, शब्दांना घाबरू नका.

जुनं_कात्रण
यारापार ताईंचं बूथवरचं म्हणणं अगदी मान्य, मीही ते पाहिलंय. पण इतिहास बघितला तर मला दोन गोष्टी वेगळ्या कराव्याशा वाटतात. फौजेचे शब्द वापरणं ही एक गोष्ट आणि खरी फौज प्रचारात ओढणं ही दुसरी, आणि या देशात दुसरी गोष्ट पुष्कळदा झालीय.

सुरुवात अगदी जुनी आहे. पहिल्या महायुद्धात बिली ह्यूज पंतप्रधान, लेबरचाच माणूस, त्याला परदेशी लढायला सक्तीची भरती हवी होती. 28 ऑक्टोबर 1916 ला सार्वमत घेतलं, थोडक्यात हरला. त्यावरून लेबर पार्टी उभी फुटली, ह्यूज आपली माणसं घेऊन बाहेर पडला, विरोधकांशी हातमिळवणी करून नॅशनॅलिस्ट पार्टी काढली, आणि युद्ध जिंकायचं असेल तर आम्हाला मत द्या असं म्हणत मे 1917 ची निवडणूक जिंकली. डिसेंबर 1917 ला परत सार्वमत, परत हरला, आणि या वेळी जास्त फरकाने. म्हणजे लोकांनी त्याला सरकार दिलं पण सक्तीची भरती दोन्ही वेळा नाकारली, मला या गोष्टीचं अजून नवल वाटतं.

मग 1966. व्हिएतनामचं युद्ध, वीस वर्षांच्या मुलांच्या जन्मतारखांचे गोटे पिंपात घालून सोडत काढायचे, तुमची तारीख निघाली की तुम्ही फौजेत. 1972 पर्यंत अशी 63 हजारांहून जास्त मुलं बोलावली गेली. लेबरचा आर्थर कॉलवेल या सक्तीच्या विरोधात ठामपणे उभा राहिला आणि 26 नोव्हेंबर 1966 ला सपाटून आपटला, 124 पैकी 41 सीट. त्या निवडणुकीनंतर लेबरवाल्यांच्या मनात एक भीती घर करून बसली की देशाच्या संरक्षणावर आपण जरा मऊ दिसलो की संपलो. 1972 ला लेबरचा व्हिटलम पंतप्रधान झाला आणि आल्या आल्या त्याने सक्ती बंद केली, पण माझं मत असं की ती भीती आजपर्यंत गेलेली नाही.

आणि 2001, हे मात्र मी स्वतः इथे राहून पाहिलेलं. ऑगस्टमध्ये टँपा नावाच्या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने बुडत्या बोटीतून चारशेहून जास्त लोक वाचवले, ते ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस आयलंडकडे आलं तर पंतप्रधान हॉवर्डच्या सरकारने त्यावर एसएएस या खास फौजी तुकडीचे कमांडो चढवले. समोर लेबरचा नेता किम बीझली, जो स्वतः आधी संरक्षणमंत्री राहिलेला, फौजेची इतकी आवड की टोपणनावच बाँबर, आणि तोच सीमेच्या बाबतीत लेचापेचा ठरवला गेला, कारण त्या रात्री घाईघाईने आणलेल्या एका बिलाला त्याने विरोध केला. मग 7 ऑक्टोबरला बातमी आली की आसरा मागायला येणाऱ्या दुसऱ्याच एका बोटीवरच्या लोकांनी स्वतःची मुलं समुद्रात फेकली. तीन दिवसांनी पुरावा म्हणून फोटो दाखवले, पाण्यात माणसं, मुलं आणि त्यांना धरून पोहणारे नौदलाचे खलाशी. ते फोटो खरे होते हो, पण ते दुसऱ्या दिवशीचे, बोट बुडाली तेव्हाचे. म्हणजे जीव वाचवणाऱ्या खलाशांचा फोटो मुलं फेकल्याचा पुरावा म्हणून वापरला गेला. त्या वेळी संरक्षण दलांच्या प्रमुखाच्या जागी काम बघणाऱ्या अँगस ह्यूस्टनने 7 नोव्हेंबरला संरक्षणमंत्री पीटर रीथला फोनवर स्पष्ट सांगितलं की मुलं फेकल्याचा काही पुरावा नाही. मतदान 10 तारखेला. लोकांना ते त्या तीन दिवसांत कळलं नाही, पुढच्या वर्षी सिनेटच्या चौकशीत सगळं बाहेर आलं.

शब्द नुसते शब्द असते तर मीही सोडून दिलं असतं. पण इथे खऱ्या जहाजावरचे खरे खलाशी प्रचाराच्या कामाला लावले गेले, त्यांना न विचारता, आणि माझा राग त्याच्यावर आहे.

पर्थपश्चिम
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण माझी मुलगी आर्मी रिझर्व्हमध्ये, म्हणजे राखीव दलात आहे आणि आमच्या घरात यावर बरंच बोलणं झालंय. नियम आहे. फौजेतला माणूस युनिफॉर्ममध्ये पार्टीच्या कार्यक्रमाला जाऊ शकत नाही आणि युनिफॉर्ममधले फोटो प्रचाराला वापरायचे नाहीत असं डिफेन्सचं धोरण आहे. इथलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे अँड्र्यू हेस्टी. एसएएसमधला कॅप्टन, सप्टेंबर 2015 ला आमच्याकडे कॅनिंग मतदारसंघाची पोटनिवडणूक लिबरलतर्फे जिंकला. पुढच्या वर्षी जनरल इलेक्शनला त्याच्या बोर्डांवर युनिफॉर्ममधला फोटो, आर्मीने काढायला सांगितला, त्याने नाही म्हटलं, तर त्याला रिझर्व्हमधून कमी केलं.

आता मला यात दोन्ही बाजू कळतात. माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षं जिथे घालवली ते सांगायचंच नाही असं कसं? डॉक्टर उमेदवार स्टेथोस्कोप घालून फोटो काढतो, शेतकरी ट्रॅक्टरवर बसतो. आणि हे एकाच पार्टीचं नाही, लेबरकडे माइक केली होता, आर्मीत कर्नल होता, टास्मानियाची जॅकी लँबी तर दोन्ही मोठ्या पार्ट्यांबाहेरची आणि तिची ओळखच आर्मीतल्या दहा वर्षांपासून सुरू होते. त्यांनी अनुभव सांगावा, जरूर सांगावा.

पण युनिफॉर्मचं वेगळं, हे मला मुलीने समजावलं. ती म्हणाली बाबा, स्टेथोस्कोप डॉक्टरचा स्वतःचा असतो, हा गणवेश माझा नाही, मी नोकरी सोडली की तो माझ्यासारख्या दुसऱ्या कोणाच्या अंगावर असणार आणि ती कोणाला मत देते ते मला ठाऊक नाही. ती स्वतः दर इलेक्शनला मत देते, कोणाला ते आम्हालाही सांगत नाही. या वाक्यानंतर माझा वाद संपला.

जानेवारी 2020 चंही आठवतंय. वणवे पेटलेले, तीन हजार रिझर्व्हिस्ट बोलावले, आणि त्याच दिवशी पंतप्रधान मॉरिसननी एक व्हिडिओ टाकला, त्यात सैनिक, जहाजं, विमानं, मागे उडतं म्युझिक, आणि खाली ऑथराइज्ड म्हणून लिबरल पार्टीचं नाव. ऑस्ट्रेलिया डिफेन्स असोसिएशन या स्वतंत्र संस्थेने लगेच म्हटलं की फौज पक्षीय राजकारणाबाहेर ठेवायचा संकेत यात मोडलाय. निवडणूक जवळपास नव्हती तरी लोकांना ते खटकलं. लोक घरं सोडून समुद्रकिनाऱ्यावर आसरा घेत होते हो त्या आठवड्यात.

यारापार
जुनं कात्रण, तुमचा फरक पटला, माझं आधीचं म्हणणं अर्धंच होतं. तुमच्या यादीत 2022 पण घाला, ते मी बूथवर उभी असताना घडलं. 21 मे, मतदानाचा दिवस, दुपारी रांगेतल्या एका बाईंनी मला फोन दाखवला, हा मेसेज खरा आहे का म्हणून. बॉर्डर फोर्सने एक बोट अडवलीय, सीमा सुरक्षित ठेवायच्या तर लिबरलला मत द्या. बोट खरंच अडवलेली होती. पण बोटी अडवायची ऑपरेशन सॉव्हरिन बॉर्डर्स ही मोहीम 2013 ला सुरू झाली तेव्हापासून, तिचा पहिला प्रमुखसुद्धा आर्मीचा जनरल, पत्रकारांनी बोटीबद्दल काही विचारलं की ठरलेलं उत्तर, पाण्यावरच्या गोष्टींबद्दल आम्ही बोलत नाही. इतकी वर्षं गप्प आणि नेमकं मतदान चालू असताना जाहीर! नंतर खात्याच्या सेक्रेटरीचा अहवाल आला त्यात मंत्र्याच्या ऑफिसकडून दबाव होता असं स्पष्ट निघालं. त्या बाईंना मी एवढंच म्हटलं की मेसेज कोणी पाठवलाय ते आधी बघा. मला त्यापेक्षा जास्त बोलायचा अधिकारही नव्हता, माझ्या अंगावर दुसऱ्या पार्टीचा टीशर्ट होता.

आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत मॉरिसननी संसदेत लेबरच्या रिचर्ड मार्ल्सना चीनचा छुपा हस्तक म्हणावं असा शब्द वापरला, मग मागे घेतला. तेव्हा एएसआयओचे प्रमुख माइक बर्जेस टीव्हीवर म्हणाले की असलं राजकारण आमच्या कामाला मदतीचं नाही. गुप्तचर खात्याचा माणूस एवढं बोलला हेच फार. तेच मार्ल्स तीन महिन्यांनी संरक्षणमंत्री झाले.

पश्चिमसिडनीकर
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. 2025 ला मला जे विचित्र वाटत होतं ते आता नीट सांगता येतंय. अँझॅक डेच्या त्याच आठवड्यात कोअलिशनने, म्हणजे लिबरल आणि नॅशनल पार्टीच्या युतीने, संरक्षणाचा खर्च पाच वर्षांत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर आणि दहा वर्षांत तीन टक्क्यांवर नेऊ असं जाहीर केलं. त्याच्याआधी फेब्रुवारीत चिनी युद्धनौका टास्मान समुद्रात गोळीबाराचा सराव करून गेलेल्या, म्हणजे विषय खरा होता, बोलायलाच हवा होता. किती पाणबुड्या, पैसा कुठून, माणसं कुठून, यावर मला दोन्ही पार्ट्यांकडून ऐकायचं होतं. पण माझ्या टपालपेटीत आलं ते फक्त कोण कणखर आणि कोण मिळमिळीत. एकाही पत्रकात पाणबुडी कधी येणार ते नव्हतं, मी सगळी जपून ठेवलीत, परत चाळून बघितली.

पर्थपश्चिम दादा, तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा. आणि एक विचारायचं राहिलं, ती अँझॅक डेला युनिफॉर्ममध्ये जाते तेव्हा समजा एखादा उमेदवार शेजारी येऊन फोटो काढू म्हणाला, तर ती काय करते?

पर्थपश्चिम
सांगतो नमस्कार. असं एकदा झालंय, कोण कुठला ते लिहीत नाही. ती म्हणाली सर, फोटो आपण माझ्या आजीबरोबर काढा, ती तिकडे खुर्चीवर बसलीय, तिला आवडेल. आणि स्वतः चहाच्या कपांची रांग लावायला निघून गेली.